कट्ट्यामागचे देव

१८ फेब्रुवारी

आज सकाळी देव लावले.

अंघोळ, पूजा लवकर आटोपली. गवंडी उजाडता उजाडता आला. सोसायटीच्या रस्त्याकडच्या भिंतीला लागून जो कट्टा आहे, करंजाच्या सावलीतला, त्याच्या मागे टाइल्स बसवल्या. गणपती, दत्त, लक्ष्मी, मारुती. मी अनवाणी उभा राहून एकेक टाइल हातात देत होतो. गवंडी म्हणाला, "साहेब, एवढ्या खाली? टेकणाऱ्याच्या पाठीला लागतील." म्हटलं, तिथेच लाव.

त्याने लावल्या. मी हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली.

खरं ते इथे तरी लिहावं. टाइल्स देवासाठी लावल्या नाहीत. दुपारी त्या कट्ट्यावर कामवाल्या बायका बसतात. सकाळची कामं संपवून दुपारनंतरची सुरू होईपर्यंत. डबा खातात, हसतात, एखादी पाय पसरून डुलकी काढते. अध्यक्ष कर्णिक तळमजल्यावर राहतात, त्यांच्या झोपेचं खोबरं होतं. शिवाय गेटसमोर ते बरं दिसत नाही, असं सगळ्यांचंच म्हणणं. कमिटीत कोणी म्हणालं, कट्ट्यावर लोखंडी खिळे ठोकू, स्टेशनजवळच्या एका दुकानापुढे आहेत तसे. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी सेक्रेटरी. मीच म्हणालो, खिळे नकोत, देव लावू. आपोआप बसायचं बंद होईल, कोणाला उठ म्हणावं लागणार नाही.

सगळ्यांना पटलं. कर्णिक म्हणाले, "वा, याला म्हणतात डोकं."

तेव्हा मला वाटलं होतं की मी दया केली.

टाइल्सच्या दुकानदाराने विचारलं होतं, कशासाठी हव्यात, थुंकणाऱ्यांसाठी की दुसऱ्या कामासाठी? त्यावर उंची ठरते म्हणे. म्हटलं, बसणाऱ्यांसाठी. तो म्हणाला, "बसणाऱ्यांसाठी अजून कोणी नेल्या नाहीत."

सिमेंटचे पाय घेऊन तसाच घरात आलो. सौ. ओरडली. ऑफिसला उशीर.

२० फेब्रुवारी

उपाय लागू पडला. सौ.ने सांगितलं, बायका काल आल्या, टाइल्स बघितल्या, नमस्कार केला आणि कट्ट्याशेजारी उभ्या राहून डबे खाल्ले. आज तर आल्याच नाहीत.

नमस्कार केला. हे ऐकल्यावर जेवण गेलं नाही.

कर्णिकांचा फोन. दुपारी दोन तास मस्त झोप लागली. माझं अभिनंदन.

२३ फेब्रुवारी

जपाला बसलो तर मन लागेना. घरच्या गणपतीकडे पाहिलं की भिंतीवरचा दिसतो. त्याला मी राखणीला बसवलाय. वॉचमनचं काम दिलंय त्याला, आणि तेही बायकांना हाकलण्याचं.

आमच्या गावी चौथीपर्यंत शाळा रवळनाथाच्या मंडपात भरायची. शाळेची इमारत पुढे झाली. आम्ही पोरं गाभाऱ्याच्या भिंतीला पाठ लावूनच बसायचो. भिंतीपलीकडे देव. एकदा मी गुरुजींना विचारलं, देवाकडे पाठ झाली तर चालेल का? गुरुजी म्हणाले, "टेकायलाच आहे तो." दुपारी पोस्टमनही तिथेच आडवा व्हायचा. टोपी तोंडावर घेऊन.

तिथला शिकलेला मी. आणि इथे येऊन

१ मार्च

शनिवार, सुट्टी. दुपारी दूध आणायच्या निमित्ताने खाली गेलो. खरं म्हणजे बघायला गेलो.

बायका गल्लीच्या तोंडाशी विजेच्या पेटीमागे बसल्या होत्या. तिथे सावली नाही. पुठ्ठे अंथरले होते. शेजारून रिक्षा वळतात, तेव्हा पाय आखडून घेत होत्या. प्रभाताई पण होती. ही आमच्याकडे सकाळी भांडी-लादी करते आणि दुपारी पोळ्यांना येते. राहते भांडुपच्या डोंगरावर, मूळची आमच्याच बाजूची. तिचं गाव आमच्या गावापासून दोन घाट्या पलीकडे. वय माझ्याएवढंच असेल. मधल्या वेळात डोंगर चढून घरी जाऊन परत यायचं म्हणजे गुडघ्यांचं कठीण.

तिने मला पाहिलं. पदर डोक्यावर ओढला, उन्हासाठी. मी दुधाची पिशवी वर करून दाखवली, जणू मला कोणी विचारलं होतं.

२ मार्च

सौ.ने प्रभाताईला विचारलं, कट्टा का सोडलात? मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. ऐकू येत होतं.

"देवाक पाठ कशी लावतलंव वैनी? पाप लागात."

सौ. म्हणाली, मग पुढे सरकून बसा, टेकू नका. त्यावर ती हसली. सकाळपासून लोकांच्या लाद्या पुसल्यावर पाठ टेकायलाच तर बसतो, म्हणाली. मग म्हणाली, "देवाक काय वैनी, खयव बसवा. जागा आमकाच लागता."

सौ.ने तिला आमच्या किचनमध्ये बसायला सांगितलं. पंखा आहे, पाणी आहे. नको म्हणाली. "बोलाक माणूस होया ना. हय एकटी बसान काय भिंतीवांगडा बोलू?"

पेपरचं पान किती वेळ उलटलं नाही माझ्याकडून. सौ.ला ठाऊक आहे देव कोणी लावले. आमटीत मीठ जास्त होतं.

८ मार्च

नवीनच गोष्ट. वॉर्डात छोट्या गल्ल्या सुधारायचं काम निघालंय. उड्डाणपूल वगैरे नाही. बाक, उतार, सावली, रस्ता ओलांडायला जागा, असं. राहणाऱ्यांना विचारून. आमची गल्ली निवडली आहे. तन्वी नावाची मुलगी आली होती, आर्किटेक्ट, आमच्या पुतणीएवढी. खांद्याला झोळी, पायात साध्या चपला. गल्ली दोनदा चालून आली. कुठे ठेच लागते, म्हाताऱ्यांना कुठे थांबावं लागतं, विचारत होती. मला फार बरं वाटलं. शहराला असं कोणी विचारत नाही.

म्हणाली, सगळ्यांची एक सभा घेऊ, कधी ठेवू? मी म्हटलं, रविवारी संध्याकाळी, सगळे घरी असतात.

सगळे म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रविवारी बायका सकाळचीच कामं करून जातात, हे मला माहीत आहे.

तेव्हा लक्षात आलं होतं की नाही? आलं होतं. जरासं. पण आलं होतं.

१३ मार्च

होळी. गच्चीवर पेटवली. नारळ वाहिला. बोंब मारायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. लोकांना वाटलं घसा बसलाय.

१६ मार्च

सभा झाली. लिहून टाकतो, नाहीतर मीच उद्या वेगळं आठवीन.

हॉलमध्ये टेबलं जोडून तन्वीने गल्लीचा मोठा नकाशा अंथरला. प्रत्येकाला कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं दिली. जिथे थांबायला आवडतं तिथे हिरवी लावा, जिथे त्रास होतो तिथे लाल. सोसायटीतल्या बायकांमध्ये हशा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एक हिरवी स्वतःच्या कपाळाला लावली आणि म्हणाल्या, मला इथेच आवडतं. फार छान चाललं होतं. स्कूटर लावतात तिथे लाल. गटाराच्या झाकणावर लाल. भाजीवाल्यापाशी हिरव्यांचा ढीग.

कट्ट्यावर कर्णिकांनी एक लाल लावली, अंगठ्याने दाबून.

तन्वीने विचारलं, "या कट्ट्यावर कोण बसतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरी म्हणून. मी म्हणालो, "आता कोणी नाही."

खोटं नव्हतं. तो 'आता' मी मुद्दाम घातला. आधी जीभ अडखळली, मग तो शब्द सापडला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चोराला खिडकी सापडावी तसं.

तिने मान डोलावली. नकाशावर काहीतरी लिहिलं. मग ठरलं ते असं. कट्टा तोडायचा. भिंत सरळ करायची. जागा मोकळी होईल तिथे कुंड्या आणि दुचाकी लावायची सोय. आणि देव? कर्णिक म्हणाले, देव वर घेऊ, सन्मानाने, दिवाही लावता येईल. टाळ्या.

घरी आलो तर प्रभाताईने सकाळीच करून ठेवलेल्या पोळ्या. खाल्ल्या. सौ. म्हणाली, "कोण कोण होतं सभेला?" म्हटलं, सगळे.

१७ मार्च

संकष्टी. उपास केला. चंद्रोदयाला अर्घ्य देताना वाटलं, हाही मी काहीतरी झाकायलाच करतोय.

२२ मार्च

तन्वी भेटली गल्लीत, भर दुपारी. छत्री घेऊन उभी. म्हणाली, काका, मी नुसतं ऐकून काही ठरवत नाही. या आठवड्यात दुपारी येऊन बघून गेले. खरंच कोणी बसत नाही कट्ट्यावर. एवढी सावली आणि कोणी बसत नाही, मला जरा नवल वाटलं. पण ठीक.

मी म्हटलं, हो, ठीक.

नवल वाटलं म्हणाली. त्या एका शब्दावर तिला धरून सांगता आलं असतं. ती थांबली पण होती क्षणभर. मी तिला सरबत प्यायला वर बोलावलं. ती नको म्हणाली. सरबत! माझ्याकडे काय बोलायला होतं आणि मी काय बोललो.

२९ मार्च

ऊन फार. प्रभाताई पोळ्यांना आली ती घामाघूम, चेहरा पांढरा. वाटेत जिन्यात बसली होती, पहिल्या मजल्यावर. वॉचमनने उठवलं. बाहेरच्यांनी जिन्यात बसायचं नाही, असा नियम आहे. बोर्ड आहे. बोर्डावर खाली माझी सही आहे.

सौ.ने तिला फरशीवर निजवलं, कांदा हुंगायला दिला, साखर-पाणी पाजलं. "घेरी इली," एवढंच म्हणाली. मग पाच मिनिटांनी उठून कणीक मळायला लागली. सौ. नको म्हणत होती. मी दारात उभा. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी कित्याक उभे? बसा ना."

बसा ना.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. साखरगाठी, कडुनिंब. सौ. नवी साडी नेसली. दाराशी रांगोळी प्रभाताईने काढून दिली, जाता जाता, कोणी न सांगता. मी गुढीला नमस्कार केला आणि काही मागितलं नाही. मागायचं तोंड नाही.

२ एप्रिल

सौ. म्हणाली, प्रभा पुढच्या महिन्यापासून दुपारची कामं सोडतेय. सगळीच, आपलं पण. मधला वेळ कुठे काढायचा म्हणते. सकाळची करून डोंगर चढून जाईल ती जाईलच. तिच्या दोन मैत्रिणी पण. त्यातली एक भांडुपलाच काही मिळतंय का बघतेय.

म्हटलं, दुसरी बाई बघू.

सौ.ने हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "दुसरी कुठे बसेल?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. असा आवाज तिचा मी क्वचित ऐकला. नंतर म्हणाली, खिळे ठोकले असते तर बरं झालं असतं. खिळे काढता येतात.

६ एप्रिल

रामनवमी. भिंतीवरच्या देवांना कोणीतरी झेंडूचे हार घातले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी दिवा लावतात, हे आजच कळलं. शेजारच्या बिल्डिंगची माणसंही येता-जाता चप्पल काढतात. दीड महिन्यात तिथे देवस्थान झालं. मी केलेलं.

कर्णिकांना गाठलं. म्हटलं, टाइल्स काढाव्यात असं मला वाटतं. कट्टा राहू द्यावा. बायकांची फार अडचण झाली आहे.

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या पत्नीच्या आजारपणात मी त्यांना रडताना पाहिलं आहे. म्हणाले, "तू म्हणतोस हे? देव काढायचे? तूच लावलेस ना रे?"

म्हटलं, हो, म्हणूनच.

म्हणाले, अरे, पुढच्या महिन्यात कट्टा तुटतोच आहे. देव आपोआप वर जातील. कोणाला काही काढावं लागणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्यात हात घालू नकोस. लोक देवाच्या बाबतीत ऐकत नाहीत. काढायचे तर तू काढ, कमिटीचं नाव नको."

कोणाला काही करावं लागणार नाही. हे वाक्य माझंच आहे. फेब्रुवारीतलं.

खरं सांगायचं तर क्षणभर मोह झाला. गप्प बसायचं, महिनाभर. कट्टा जाईल, देव वर जातील, प्रभाताई डोंगरावर जाईल. सगळं नीटनेटकं. कुंड्यांत शेवंती.

९ एप्रिल

देवळात गेलो, तिथल्या पुजारी गुरुजींना विचारायला. देवाच्या टाइल्स काढायच्या असतील तर काय विधी? म्हणाले, भंगल्यात का? म्हटलं, नाही. "मग का काढायच्या?" मागे दोन माणसं प्रसादाला उभी होती. म्हटलं, जागा चुकली. गुरुजी म्हणाले, अक्षता टाका, क्षमा मागा, कापडात गुंडाळून वाहत्या पाण्यात किंवा इथे आणून द्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जागा चुकली की हेतू?"

दक्षिणा ठेवली आणि निघालो. उत्तर दिलं नाही. त्यांना ते मिळालं असावं.

११ एप्रिल

ऑफिसातून तन्वीला फोन केला. कॅंटीनमागे उभा राहून. सगळं सांगितलं. टाइल्स मी लावल्या, कोणासाठी लावल्या, सभेला 'आता' का म्हणालो, रविवार का सुचवला.

ती म्हणाली, "काका, मी चार दुपारी तिथे उभी राहिले. देव बघितले, फोटोसुद्धा काढला. माझ्या डोक्यात नाही आलं." तिचा आवाज रागाचा होता, पण पूर्ण माझ्यावर नव्हता. म्हणाली, सभेची वेळ मी मान्य केली, ती चूक माझीपण. कामाच्या बायकांना गल्लीची माणसं धरलंच नाही मी, कारण त्या इथे राहत नाहीत. दिवसातला निम्मा वेळ इथे असतात आणि राहत नाहीत.

म्हटलं, नकाशा बदलता येईल का?

म्हणाली, तोंडी सांगण्यावर नाही. मंगळवारी दुपारी वॉर्डातले इंजिनियर पाहायला येणार आहेत, शेवटचं. कट्ट्यावर माणसं बसलेली दिसली तर मी बोलू शकते. तोडायच्या ऐवजी लांबवा म्हणेन, पाण्याचा नळ द्या म्हणेन. रिकामा दिसला तर मी काय बोलू?

मग म्हणाली, पण तुम्ही त्यांना बसायला सांगू नका हं. सांगून बसलेली माणसं कळतात.

कसं सांगणार होतो? मी कोण सांगणारा? उठवणारा मीच.

१२ एप्रिल

हनुमान जयंती. आजींना भेटायला दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्यांना आधी सांगणं भाग होतं. दिवा त्या लावतात. सुंठवडा दिला त्यांनी. मी सांगितलं, मंगळवारी सकाळी देव काढतोय. का, तेही सांगितलं.

आजी म्हणाल्या, "मला वाटलं तू भक्तीने लावलेस. मी म्हटलं, चांगला मुलगा आहे."

खाली मान घालून बसलो. त्या म्हणाल्या, दिवा कुठे लावू आता? म्हटलं, झाडाखाली लावा, कट्ट्याच्या टोकाला. रागावल्या की नाही कळलं नाही. सुंठवडा मात्र परत घेतला नाही.

१३ एप्रिल

सौ.ला सांगितलं. तिने कपाटातून तिच्या आईची जुनी रेशमी साडी काढली, जिचे काठ विरले आहेत. म्हणाली, यात गुंडाळ. फडक्यात नको.

मग म्हणाली, प्रभाला सांगितलंस? म्हटलं, काय सांगू? ती म्हणाली, "जे आजींना सांगितलंस ते. का ती देवाला हात जोडत नाही?"

उद्या सांगेन म्हटलं.

१४ एप्रिल

सुट्टी. प्रभाताई सकाळी आली. मी तीन वेळा किचनपर्यंत गेलो. एकदा पाणी प्यायलो, एकदा चहा मागितला, एकदा नुसताच परत आलो. ती भांडी घासत होती. पाठीमागून तिचं वय जास्त दिसतं.

सांगितलं नाही.

दुपारी छिन्नी-हातोडी आणली. दुकानातला पोरगा म्हणाला, काय तोडताय काका? म्हटलं, माहीत नाही अजून.

१५ एप्रिल

आज रजा.

सूर्य उगवायच्या आधी अंघोळ केली. सोवळं नेसलो, वरून पंचा. खाली गेलो तेव्हा गल्ली झाडणाऱ्या बाईंचा खराटा थांबला. कट्ट्यावर अक्षता ठेवल्या. सुरुवात कुठून करावी कळेना, मग गणपतीपासूनच केली, लावले तसेच काढावेत म्हणून.

फेब्रुवारीत गवंड्याने चांगलं काम केलं होतं. सुटता सुटेनात. गणपती अखंड निघाला. दत्त निघाला. लक्ष्मीचा कोपरा उडाला. मारुती तुटला, मधोमध. हातात दोन तुकडे घेऊन तसाच उभा राहिलो.

कर्णिक दुधाची पिशवी घेऊन गेटात उभे होते. किती वेळ, माहीत नाही. म्हणाले, "चांगलं नाही केलंस." कधीचं म्हणाले, आताचं की आधीचं, विचारलं नाही. ते आत गेले. आजींच्या खिडकीचा पडदा बाजूला होता. दोन-चार माणसं थांबली, एकाने मोबाईल वर केला. मग त्याने तो खाली घेतला. मी सोवळ्यात होतो म्हणून असेल.

चारही देव साडीत ठेवले. क्षमेचा श्लोक म्हणायला गेलो तर एक ओळ आठवेना. रोज म्हणतो तो. मग तोंडातून गाऱ्हाणंच आलं. आमच्या गावी जत्रेला गावकर देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि आम्ही सगळे मागून एका आवाजात होकार देतो. मी ते कधी घातलं नव्हतं. आमच्या घराचा तो मान नाही.

पण म्हटलं. हळूच म्हटलं. "बा देवा म्हाराजा. तुका हय मियां बसवलंय, ता तुझ्या सेवेक नाय. माणसांका उठवूक बसवलंय. ता पोटात घाल. आणि हय जी काय लेकरां बसत होती, तेंका पुन्हा बसव म्हाराजा."

मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

प्रभाताई. कामाला निघालेली. हातात पिशवी. चप्पल काढून उभी होती.

मला वर बघता येईना. म्हटलं, प्रभाताई, हे देव मीच...

"माका ठावक हा," म्हणाली. "त्या दिसा तुमच्या पायाक शिमीट होता. लादी मियांच पुसलंय."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. जिन्यात घेरी आली तेव्हाही. बसा ना म्हणाली तेव्हाही. रांगोळी काढली तेव्हाही.

काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, दुपारी बसशील ना? विचारू नये असं ठरवलं होतं तरी विचारलंच.

तिने भिंतीकडे पाहिलं. म्हणाली, "बगया." चप्पल घातली आणि वर गेली. आमच्याच घरी, भांडी घासायला.

सौ.ने वरून बादली सोडली. कट्टा धुतला. सिमेंटचा चुरा, कुंकू, वाळलेला झेंडू, सगळं गटारापर्यंत ढकलत नेलं. भिंतीवर जिथे देव होते तिथे चार चौकोन उरलेत, भिंतीपेक्षा पांढरे. ते राहू देणार आहे. रंग लावणार नाही.

साडी देवघरात ठेवली आहे. संध्याकाळी देवळात देईन. तुटलेल्या मारुतीसाठी वेगळं काही करावं लागतं का, गुरुजींना विचारायचं आहे. या वेळी उत्तर द्यायचं आहे.

हे खिडकीत बसून लिहितोय. तन्वीचा मेसेज आला, आम्ही साडेबारापर्यंत पोचतो. खाली करंजाची सावली कट्ट्यावर सरकत आली आहे. दगड मधे मधे अजून ओला आहे.

वाळतो आहे.